पाण्याखाली गेलेला पत्ता
चीनचा सिनेमा आणि चीनचा सामान्य माणूस

चीन म्हटले की आपल्या मागच्या पिढीला दोन गोष्टी हटकून आठवत. एक १९६२ चे युद्ध आणि दुसरे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि आपल्याकडच्या कित्येक बायामुलांनी चीनमधली माणसे पहिल्यांदा पडद्यावर पाहिली. अर्थात तो चीन मुंबईत उभा केलेला होता आणि त्यातली चिनी नायिका होती जयश्रीबाई!

खुद्द चिनी माणसांनी आपल्या माणसांविषयी काढलेले चित्रपट पाहण्याचा योग आम्हांला बराच उशिरा आला. काही फिल्म सोसायटीच्या खेळांत पाहिले, काही मित्रांनी आणून दिलेल्या सीडींवर, तर अलीकडचे घरच्या मुलांच्या मोबाइलवर. भाषेचे एक अक्षर कळत नाही. खाली इंग्रजी ओळी धावतात. त्या वाचाव्यात तर चित्र निसटते आणि चित्र पाहावे तर बोलणे निसटते. तरीही एक गोष्ट मनात पक्की बसली. राज्यकर्ते देशाविषयी काय सांगतात ते वर्तमानपत्रांत छापून येते. पण त्या देशातल्या तळच्या माणसाच्या चुलीचे, अंगणाचे, पोराबाळांचे काय झाले हे पाहायचे तर सिनेमाकडे जावे लागते. चीनच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कोणता चित्रपट दाखवला गेला याबरोबरच कोणता अडवला गेला! सत्तेला ज्या गोष्टीची भीती वाटते ती बंदीच्या हुकुमात नेमकी सापडते.

शांघायची आई

चीनमध्ये सिनेमा सुरू झाला १९०५ साली. बीजिंगच्या एका फोटो स्टुडिओवाल्याने एका संगीत नाटकातले काही प्रवेश चित्रित केले, अशी नोंद आहे. त्याची प्रत आज उरलेली नाही. पण सिनेमा खऱ्या अर्थाने वाढला तो शांघाय शहरात. परदेशी लोकांच्या वसाहती, कापडाच्या गिरण्या, जुगाराचे अड्डे आणि खेड्यांतून पोटासाठी आलेली माणसे, असे ते १९३० च्या सुमाराचे शांघाय होते.

१९३४ साली वू योंगगांग या तरुण दिग्दर्शकाने 'देवी' नावाचा मूकपट काढला. चिनी भाषेत हा शब्द दोन अर्थांनी वापरला जाई. एक देवता आणि दुसरी रस्त्यावर उभी राहणारी वेश्या. या चित्रपटातली बाई रात्री रस्त्यावर उभी राहते आणि दिवसा आपल्या लहानग्याला मांडीवर घेऊन बसते. एक जुगारी गुंड तिच्या घरात घुसून मालक होऊन बसतो. ती पैसे भिंतीतल्या विटेआड लपवते, कशासाठी? मुलाच्या शाळेसाठी! मुलगा शाळेत जातो, पण इतर पालक तक्रार करतात की अशा बाईचे पोर आमच्या मुलांच्या बाकावर नको. मुख्याध्यापक वृद्ध आणि सरळ मनाचा आहे. तो घरी जाऊन चौकशी करतो आणि शाळेच्या मंडळापुढे त्या मुलाची बाजू मांडतो. मंडळ ऐकत नाही. मुलाचे नाव काढले जाते आणि मुख्याध्यापक राजीनामा देतो. पुढे गुंड ते विटेआडचे पैसे चोरतो, बाईच्या हातून त्याचा खून होतो आणि तिला बारा वर्षांची शिक्षा होते. तुरुंगात ती मुख्याध्यापकाला एवढेच विनवते की मुलाला सांगा, तुझी आई मेली.

वाचकहो, शब्द नसलेला हा चित्रपट नव्वद वर्षांनंतरही काळजाला हात घालतो. कोणाच्या पोराला कोणत्या बाकावर बसू द्यायचे हा प्रश्न ज्यांच्या घरात एकदा येऊन गेला आहे, त्यांना तर तो अधिकच लागेल.

ती आई साकारणारी रुआन लिंगयू ही त्या काळातली सर्वांत नावाजलेली नटी. पुढच्याच वर्षी 'नव्या स्त्रिया' या चित्रपटात तिने आत्महत्या करणाऱ्या सुशिक्षित स्त्रीची भूमिका केली. ती कथा आय शिया या नटीच्या खऱ्या आत्महत्येवर बेतलेली होती. चित्रपटात वर्तमानपत्रवाल्यांवर टीका होती, म्हणून तिकडचे पत्रकार खवळले. त्यातच लिंगयूच्या खासगी आयुष्यावरून कोर्टकचेरी सुरू झाली आणि चवीने मजकूर छापले जाऊ लागले. ८ मार्च १९३५ रोजी, म्हणजे महिला दिनीच, तिने जीव दिला. वय चोवीस!

त्याच साली आलेल्या एका शांघायच्या चित्रपटात जपानी आक्रमणाविरुद्धचे एक गाणे होते. ते १९४९ साली नव्या चीनचे राष्ट्रगीत झाले. गीतकार तियान हान मात्र पुढे सांस्कृतिक क्रांतीत पकडला गेला आणि १९६८ साली कैदेतच मरण पावला. राष्ट्रगीत लिहिणारा माणूस त्याच राष्ट्राच्या कोठडीत!

भिकाऱ्याने काढलेल्या शाळा

१९४९ साली कम्युनिस्ट क्रांती झाली. जमीनदारी मोडली गेली. त्या काळचा गाजलेला चित्रपट म्हणजे १९५० चा 'पांढऱ्या केसांची मुलगी'. कुळाच्या डोक्यावर जमीनदाराचे कर्ज आहे. नववर्षाच्या आदल्या रात्री त्याचा हात धरून कागदावर ठसा उठवला जातो आणि कर्जापोटी त्याची मुलगी लिहून घेतली जाते. बाप विष पितो. मुलगी जमीनदाराच्या वाड्यात नासवली जाते, पळून डोंगरात राहते, तिचे केस पांढरे होतात आणि गावकऱ्यांना वाटते हे भूतच आहे. शेवटी लाल सेना येते आणि जमीनदाराचा न्याय होतो. हा चित्रपट प्रचाराचा आहे, यात शंका नाही. पण कर्जाच्या कागदावर उठणारा तो अंगठा प्रचाराचा नाही. तो हजारो वर्षांचा खरा अंगठा आहे, आणि म्हणूनच खेड्यापाड्यांतली माणसे तो पाहताना रडत.

परंतु याच सुमारास आणखी एक चित्रपट आला आणि त्याचे जे झाले ते आम्हांला जास्त महत्त्वाचे वाटते. सुन यू या दिग्दर्शकाने 'वू शुनचे चरित्र' काढले. हा वू शुन खराखुरा माणूस होता. जन्म १८३८, मृत्यू १८९६, राहणार शांडोंग प्रांतातला. लिहिता-वाचता येत नव्हते म्हणून मालकाने त्याला मजुरीत फसवले. तेव्हा त्याने ठरवले की गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढायची. पैसा कोठून आणायचा? त्याने भीक मागितली. लोकांसमोर गुडघे टेकले, नकला केल्या, पैशासाठी लोकांच्या लाथासुद्धा खाल्ल्या. पै पै साठवून त्याने तीन शाळा उभ्या केल्या. आपल्या वाचकांना येथे गाडगेबाबा आठवल्याशिवाय राहणार नाहीत.

चित्रपट लोकांना आवडला, वर्तमानपत्रांनीही वाखाणला. आणि २० मे १९५१ रोजी पक्षाच्या मुख्य दैनिकात अग्रलेख आला. त्यामागे लेखणी खुद्द माओ त्से तुंग यांची होती. आरोप काय? तर वू शुनने सरंजामदारांविरुद्ध बंड करण्याऐवजी त्यांच्यापुढे गुडघे टेकले, मग त्याचे कौतुक कसले! देशभर टीकेची मोहीम झाली, चित्रपट बंद झाला, दिग्दर्शकाला चूक कबूल करावी लागली. गुडघे टेकण्याविषयी वाद होऊ शकतो, तो व्हायलाही हवा. पण ज्या पोरांना त्या शाळेत अक्षर मिळाले त्यांना कोणी विचारले? १९८५ नंतर चीनमध्येच मान्य झाले की ती टीका एकांगी आणि अतिरेकी होती. तोपर्यंत चौतीस वर्षे उलटली होती.

पुढच्या सांस्कृतिक क्रांतीबद्दल (१९६६ ते १९७६) थोडक्यात सांगायचे तर सिनेमा जवळजवळ थांबला. मोजकी 'आदर्श नाटके' आणि त्यांचे चित्रपट, तेच तेच पुन्हा पुन्हा. बीजिंगची चित्रपट शिक्षणसंस्था बंद पडली. शिकलेल्या मुलांना खेड्यांत मजुरीला धाडले.

चिउ जूचा अर्ज

ती संस्था १९७८ साली पुन्हा उघडली आणि १९८२ साली जी मुले बाहेर पडली त्यांनी चिनी सिनेमा जगाला दाखवला. त्यांतला झांग यिमोऊ सर्वांत प्रसिद्ध. बाप च्यांग कै शेकच्या बाजूचा अधिकारी, म्हणून घराण्यावर डाग. शेतात राबला, कापड गिरणीत काम केले. रक्त विकून पहिला कॅमेरा घेतला असे त्याच्याबद्दल सांगितले जाते. प्रवेशाच्या वेळी त्याचे वय नियमापेक्षा जास्त होते, तेही कसेबसे जमले.

त्याच्याच वर्गातल्या चेन काइगेने १९८४ साली 'पिवळी माती' काढला, कॅमेरा यिमोऊचा. लाल सेनेचा एक सैनिक लोकगीते गोळा करायला डोंगराळ खेड्यात येतो. चौदा-पंधरा वर्षांची पोर, लग्न लहानपणीच ठरलेले. तिला त्याच्याबरोबर जायचे आहे. तो म्हणतो, वरून परवानगी आणावी लागेल. परवानगी येईपर्यंत पोरीचे लग्न होऊन गेलेले असते. ती रात्री होडी घेऊन नदीत शिरते, तिचे गाणे ऐकू येत राहते आणि मध्येच थांबते. बस्स. क्रांतीनेसुद्धा 'परवानगी आणतो' म्हणावे, हे दाखवणे १९८४ साली सोपे नव्हते.

यिमोऊच्या 'लाल कंदील' (१९९१) बद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. चार बायकांचा मालक असलेल्या धनिकाचा वाडा, ज्या बायकोच्या अंगणात कंदील लागतील तिची त्या रात्री वट. मालकाचा चेहरा पूर्ण चित्रपटात एकदाही नीट दिसत नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. चिनी अधिकाऱ्यांनी ती घेतलीच असावी, कारण चित्रपट आधी अडवून ठेवला गेला.

आमच्या मनात घर केले आहे ते मात्र १९९२ च्या 'चिउ जूची कहाणी' ने. नायिका गाँग ली. पोटात मूल असलेली खेड्यातली बाई. तिच्या नवऱ्याने भांडणात गावच्या प्रमुखाला टोमणा मारला की तुझ्या घरी मुलीच मुली. प्रमुखाला चार मुली! त्याने नवऱ्याच्या जांघेत लाथ घातली. चिउ जूला पैसे नकोत. तिला जाब हवा आहे. का मारलेस ते सांग आणि चुकले म्हण, एवढेच. प्रमुख भरपाईच्या नोटा जमिनीवर फेकतो आणि म्हणतो, उचल, एकेक नोट उचलताना तेवढ्या वेळा माझ्यापुढे मान वाकेल. ती एकही नोट उचलत नाही.

मग सुरू होते तिची पायपीट. लाल मिरच्या गाडीवर घालायच्या, बाजारात विकायच्या आणि त्या पैशाने पुढच्या कचेरीत जायचे. गावाहून तालुका, तालुक्याहून जिल्हा, तेथून मोठे शहर. सोबत नणंद. शहरात गाडीवाला फसवतो. कोणी सल्ला देतो की जरा शहरी कपडे घाला, म्हणजे लोक गावंढळ समजणार नाहीत. सगळ्या कचेऱ्यांतली माणसे सौजन्याने बोलतात, चहा देतात, कागद वाचतात, आणि निकाल तोच देतात: भरपाई घ्या. कोणी लाच मागत नाही, कोणी हाकलत नाही, तरीही तिला हवे ते मिळत नाही.

आमचा स्वतःचा दिवस लोकांच्या अर्जांवर आवकचा शिक्का मारण्यात जातो. टेबलाच्या या बाजूला बसून किती चिउ जूंना 'तुमचा कागद वर पाठवला आहे' असे सांगितले असेल, याचा हिशेब हा चित्रपट पाहताना आम्हांला लागला नाही. नियमाप्रमाणे सगळे बरोबर असते. पण बाईने विचारलेला प्रश्न कागदावर कोणत्याच रकान्यात बसत नाही.

त्या सुमारास चीनमध्ये नवा कायदा आला होता. सामान्य माणूस सरकारी खात्यावर दावा लावू शकतो, असा. शहरातला मोठा पोलिस अधिकारी तिला म्हणतो, माझ्याच खात्यावर दावा लाव. ती गोंधळते. तुम्ही तर भले माणूस, तुमच्यावर कसला दावा? तिच्या लेखी कायदा म्हणजे माणसामाणसांतला राग-लोभ, आणि राज्याच्या लेखी तो कागद. हा एका समाजाने दुसऱ्या काळात टाकलेला पाय आहे आणि तो अडखळतो आहे.

शेवट असा. ऐन रात्री चिउ जू अडते. तोच प्रमुख माणसे जमवून बर्फातून तिला दवाखान्यात नेतो. मुलगा होतो. बारशाच्या जेवणाला ती प्रमुखालाही मानाने बोलावते. सगळे जमले आहेत आणि बातमी येते: नवऱ्याची फासळी मोडल्याचे तपासणीच्या फोटोत निघाले, म्हणून प्रमुखाला पंधरा दिवसांची कैद. पोलिस त्याला घेऊन गेले. ती धावत रस्त्यावर येते. गाडी गेलेली असते. तिने हे मागितलेच नव्हते! तिच्या चेहऱ्यावर चित्रपट थांबतो.

यातल्या पुष्कळ माणसांना माहीतही नव्हते की आपले चित्रीकरण होत आहे. कॅमेरा लपवलेला असे. म्हणून त्यातले बाजार, बसस्टँड, लोकांचे पाहणे इतके खरे वाटते. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि चीनमध्येही तो दाखवला गेला.

त्यानंतरच्या 'जगणे' (१९९४) ला ते भाग्य लाभले नाही. जुगारात वाडा हरलेला एक तरुण सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ करून पोट भरतो. वाडा जिंकलेल्या माणसाला नंतर जमीनदार ठरवून गोळ्या घातल्या जातात, आणि हा थरथरत म्हणतो, हरलो नसतो तर त्या गोळ्या माझ्याच होत्या. १९५८ च्या 'मोठ्या झेपे'त घराघरातली लोखंडी भांडी भट्टीत जातात. मुलगा अपघातात मरतो. पुढे मुलगी बाळंतपणात मरते, कारण जाणते डॉक्टर 'प्रतिगामी' म्हणून कोंडलेले आणि इस्पितळ कोवळ्या विद्यार्थिनींच्या हाती! चित्रपटात कोणीही घोषणा देऊन सरकारविरुद्ध बोलत नाही. आईबाप फक्त जगत राहतात. तेवढेच सहन झाले नाही. चीनमध्ये बंदी आली आणि दिग्दर्शकावरही काही काळ निर्बंध आले.

याच झांग यिमोऊने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचा भव्य उद्घाटन सोहळा बसवला. मधल्या काळात त्याचे १९९९ चे 'एकही कमी नाही' पाहिले तर वाट कशी वळली ते समजते. तेरा वर्षांची बदली शिक्षिका, फुटका वर्ग, दिवसाला एक खडू. कर्जापायी शहरात कामाला गेलेल्या एका पोराला शोधायला ती पोरगी निघते, बसच्या भाड्यासाठी मुले विटा वाहतात. अर्धा चित्रपट अप्रतिम आहे. पुढे टीव्हीवाले मदतीला येतात, देणग्या येतात, रंगीत खडूंची खोकी येतात आणि सगळे गोड होते. आम्हांला तो गोडवा घशाखाली उतरला नाही. चिउ जूला शहराने उत्तर दिले नव्हते, येथे शहराने खाऊ दिला.

पाण्याखाली

१९९० नंतर चीनमध्ये सरकारी कारखाने बंद पडू लागले, कोट्यवधी माणसे खेडी सोडून शहरांत बांधकामावर आली. ही माणसे पडद्यावर आणली ती जिया झांगके याने. जन्म १९७०, शांशी प्रांतातल्या फेनयांग या कोळशाच्या मुलखातल्या गावचा. त्याचा पहिला मोठा चित्रपट (१९९७) एका पाकीटमाराचा आहे. जुना जोडीदार आता 'उद्योजक' झाला आहे आणि लग्नाला बोलावत नाही. गावातली जुनी पेठ पाडली जात आहे. शेवटी पोलिस या चोराला रस्त्यावरच बेडीने अडकवून जातात आणि येणारेजाणारे त्याच्याभोवती गोळा होऊन पाहत उभे राहतात. गर्दी पाहते ती नेमकी आपल्याकडे, प्रेक्षकांकडेही पाहते.

त्याच्या 'फलाट' (२०००) मध्ये गावच्या थिएटरात आपल्या राज कपूरचा 'आवारा' चालू असतो. १९५० च्या दशकात आणि पुन्हा माओनंतर 'आवारा'ने चीनला वेड लावले होते. चोराचा मुलगा चोरच होणार काय, हा त्यातला प्रश्न. जन्मावरून माणसाचे 'घराणे' ठरवून ज्या देशात पोरांना शाळेतून आणि नोकरीतून बाहेर ठेवले गेले, तेथे हा प्रश्न नुसता सिनेमाचा नव्हता.

२००४ च्या 'जग' मध्ये बीजिंगजवळच्या एका बागेची गोष्ट आहे. बागेत आयफेल टॉवर आहे, पिरॅमिड आहे, ताजमहाल आहे, सगळे छोट्या आकारात. तेथे नाचणाऱ्या आणि पहारा देणाऱ्या पोरांकडे पासपोर्टसुद्धा नाही. एक पोरगा जादा पैशासाठी रात्रपाळी करताना बांधकामावर अपघात होऊन मरतो. मरताना तो एक कागद ठेवून जातो. निरोप नाही, गाऱ्हाणे नाही. कोणाकोणाचे किती पैसे देणे आहेत त्याची यादी!

आणि मग २००६ चा तो चित्रपट, ज्याच्यावरून आम्ही या लेखाचे नाव घेतले. 'तीन घळींची भली माणसे' असे त्याचे चिनी नाव. यांगत्से नदीवर तीन घळींचे प्रचंड धरण बांधले गेले आणि सुमारे तेरा लाख माणसे उठवली गेली. धरणग्रस्त हा शब्द महाराष्ट्रात समजावून सांगावा लागत नाही. शांशीतला एक खाणकामगार सोळा वर्षांपूर्वी निघून गेलेल्या बायकोला आणि मुलीला शोधायला फेंगजिए गावी येतो. तिला त्याने विकत आणलेली होती, हेही चित्रपट लपवत नाही. पत्ता सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेला. मोटारसायकलवाला पैसे घेतो, त्याला नदीकाठी नेऊन उभा करतो आणि पाण्याकडे बोट दाखवतो. तो बघ तुझा पत्ता. पाण्याखाली.

बायको सापडेपर्यंत तो घरे पाडण्याच्या कामावर राहतो. हातात घण घेऊन माणसे दोन हजार वर्षांचे गाव भिंत-भिंत करून पाडत आहेत. उरलेल्या भिंतींवर आकडे रंगवले आहेत, पाणी कुठवर येणार त्याचे. कामगार संध्याकाळी दहा युआनची नोट काढतात. तिच्या पाठीवर याच घळीचे चित्र आहे. नोटेवरचे चित्र आणि समोरचे पाणी, दोन्ही एकाच चौकटीत. बायको शेवटी एका होडीवर भेटते. भावाच्या कर्जापोटी ती तेथे राबते आहे. होडीमालक तीस हजार युआन मागतो. नवरा म्हणतो, फेडीन, आणि पुन्हा खाणीत जायला निघतो. बरोबरचे मजूरही येतो म्हणतात, तेव्हा तो त्यांना सांगतो, नीट विचार करा, खाणीत माणसे मरतात. ही भूमिका करणारा हान सानमिंग हा दिग्दर्शकाचा नात्यातला आणि खरोखरच खाणीत काम केलेला माणूस. म्हणून त्याला अभिनय करावा लागत नाही; तो नुसता उभा राहतो.

डिसेंबर २००६ मध्ये हा चित्रपट चीनमध्ये लागला तो झांग यिमोऊच्या राजवाड्यावरच्या सोन्याने मढवलेल्या भव्य चित्रपटाबरोबर, एकाच दिवशी. गर्दी कोठे गेली असेल ते सांगायला नको. एकेकाळी चिउ जूच्या मागे छुपा कॅमेरा घेऊन चाललेला माणूस आता राजाच्या महालात होता!

भारतातून आणलेले औषध

तरीही सगळेच बंद आहे असे म्हणणे खोटे ठरेल. २०१८ चा 'मी औषधांचा देव नाही' घ्या. रक्ताच्या कर्करोगावरचे स्विस कंपनीचे औषध चीनमध्ये बाटलीला चाळीस हजार युआनच्या घरात. तेच औषध भारतात तयार होते आणि कितीतरी स्वस्त पडते. शांघायमधला एक कर्जबाजारी दुकानदार ते चोरून आणून विकू लागतो, आधी नफ्यासाठी, नंतर लोकांसाठी. पोलिस धाड घालतात तेव्हा एक म्हातारी अधिकाऱ्याचा हात धरून सांगते की या औषधात माझे घर गेले, आता तुम्ही हेही थांबवणार का? कथा लू योंग या खऱ्या रुग्णावर बेतलेली. त्याच्यावर खटला भरला होता, शेकडो रुग्णांनी त्याच्यासाठी अर्ज केले आणि २०१५ साली खटला मागे घेतला गेला. चित्रपटाने तीनशे कोटी युआनचा धंदा केला. चीनचे तेव्हाचे पंतप्रधान ली खछ्यांग यांनी चित्रपटाचा उल्लेख करून कर्करोगाच्या औषधांचे भाव उतरवण्याच्या कामाला वेग द्यायला सांगितले. भारतात हे औषध स्वस्त का? तर आपल्या पेटंट कायद्यामुळे, ज्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी त्या कंपनीचा दावा फेटाळला. त्या निकालाची झळ नाही, तर सावली शांघायपर्यंत पोहोचली!

त्याआधी मे २०१७ मध्ये आमिर खानचा 'दंगल' तेथे लागला आणि शंभर कोटी युआनच्या वर गेला. एकच मूल, आणि तेही मुलगा असावे, या हट्टात ज्या देशाच्या दोन पिढ्या गेल्या त्या देशातल्या मुलींनी तो पाहिला. बापाने लादलेल्या स्वप्नाला मुक्ती म्हणायचे का, असा वादही तेथे झाला. आपल्याकडे तो जेवढा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

दहा अंडी

२०१८ सालीच चित्रपटांचा कारभार सरळ पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेला. युद्धाचे, विजयाचे प्रचंड चित्रपट आले आणि विक्रमी चालले. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने जाहीर केले की देशातले कमालीचे दारिद्र्य संपले. लाखो कुटुंबांना पक्की घरे मिळाली, रस्ते झाले, हे खरे आहे.

आणि २०२२ साली ली रुइजुन याचा एक छोटा चित्रपट आला. इंग्रजीत त्याचे नाव 'मातीकडे परत' अशा अर्थाचे आहे. गान्सू प्रांतातले कोरडे खेडे. नायक चौथा भाऊ, वय झालेला, घरच्यांना ओझे. बाई मारझोडीने अधू झालेली, लघवी आवरत नाही, तिच्याही घरच्यांना नकोशी. दोन्ही घरे यांचे लग्न लावून मोकळी होतात. दोघांजवळ एक गाढव. गावच्या बड्या असामीला दुर्मीळ गटाचे रक्त लागते आणि ते नेमके या गरिबाच्या अंगात. मोठ्या मोटारीत बसवून त्याला नेतात आणि रक्त काढून घेतात. बडा माणूस जगला तर गावाचे थकलेले पैसे मिळतील म्हणून गावही गप्प. तो मात्र बदल्यात काही मागत नाही. बायकोसाठी एक कोट मिळतो तर त्याचेही पैसे फेडू म्हणतो.

दोघे मिळून मातीच्या विटा पाडतात आणि घर बांधतात. शेजाऱ्याकडून दहा अंडी उसनी आणून खोक्यात दिवा लावून उबवतात. खोक्याच्या भोकांतून उजेडाचे ठिपके अंधाऱ्या खोलीभर पडतात आणि दोघे पाहत राहतात. इतका श्रीमंत प्रसंग आम्ही सिनेमात क्वचितच पाहिला. रिकाम्या घरांवर बुलडोझर फिरवण्याचे सरकारी पैसे मिळत असतात, म्हणून त्यांना एका घरातून दुसऱ्यात हलावे लागते. शेवटी बाई कालव्यात पडून मरते. तो पीक विकतो, सगळ्यांचे देणे चुकते करतो, उसनी दहा अंडीही नेऊन देतो आणि गाढव सोडून देतो. पुढे काय झाले हे सांगितले जात नाही, पण कळते. त्याने बांधलेले मातीचे घर बुलडोझर पाडतो आणि पैसे भाऊ घेतो.

ही भूमिका दिग्दर्शकाच्या मावशीच्या नवऱ्याने, म्हणजे खऱ्या शेतकऱ्याने केली आहे. जाहिरात नाही, मोठे नट नाहीत. फक्त बाईची भूमिका करणारी हाय चिंग तेवढी नामांकित. तरी एकाने दुसऱ्याला सांगत चित्रपट दहा कोटी युआनच्या पुढे गेला. लोक मोबाइलवर पाहू लागले. मग तिकडच्या प्रतीत अखेरीस एक ओळ जोडलेली दिसली: सरकारच्या आणि गावकऱ्यांच्या मदतीने तो नव्या घरात राहायला गेला आणि सुखाने जगू लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या ओळीसकट चित्रपटच काढून टाकला गेला. आमच्या पाहण्यात आली ती बाहेर देशी दाखवलेली प्रत. तिच्यात ती ओळ नाही. तिच्यात घर पडते आणि धूळ उडते.